पॅनेलवरचा वकील

महापालिकेवर दावा लावायचा तर १९४९च्या अधिनियमातील कलम ४८७प्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. हेतू उदात्त: पालिकेने विचार करावा, चूक असेल तर सुधारावी. पालिका त्या महिन्यात एकच काम करते. नोटिशीवर आवक क्रमांक टाकते.

मग पॅनेलवरच्या वकिलाची, म्हणजे माझी पाळी. बेकायदा मजल्याला कलम २६०ची नोटीस जाते, मालक मनाई हुकुमासाठी दिवाणी कोर्टात धावतो आणि मी उभा राहून म्हणतो, “साहेब, सूचना घ्यायला मुदत हवी.” अभिप्राय बांधकाम खात्यात, फाइल नगररचनेत, अभियंता निवडणुकीच्या कामावर. (कोणत्या निवडणुकीच्या, हे विचारायचे नसते.) कॅव्हेट लावले होते, पण ते ९० दिवसच जगते. मालक ९१व्या दिवशी आला. त्याला दिवस कुणी मोजून दिले, हे कोर्टाने विचारले नाही. मीही नाही.

‘जैसे थे’चा आदेश झाला तेव्हा स्लॅबवर अजून पाणी मारत होते.

आता त्या मजल्याला मालमत्ता कराचे बिल जाते आणि मालक ते वेळेवर भरतो. माझ्या फीचे बिल लेखा विभागात आहे.