पापाचा रकाना

छापखान्यातले खिळे गेले, गॅल्या गेल्या, शाईचा वास गेला. पण मुद्रितशोधक जातो म्हणून जात नाही. निवृत्त झाला तरी त्याचा डोळा नोकरीवरच असतो. हॉटेलात बसला की आधी मेनूकार्डाची प्रुफं तपासतो, मग इडली मागवतो. लग्नपत्रिका हातात पडली की वधूवरांची नावं नंतर. आधी 'आशीर्वाद' शोधतो, आणि तिथे 'आर्शिवाद' निघाला तर आहेर करावा की नाही यावर घरात चर्चा बसते. अशी माणसं महाराष्ट्रात गावोगाव एकदोन असतात, पुण्यात प्रत्येक जिन्यात एक. हल्ली त्यांच्यातूनच एक नवा वाण तयार झालाय. तो लिहिलेलं तपासत नाही, बोललेलं तपासतो. आणि तेही माणसाचं नव्हे, संगणकातल्या बाईचं.

आमचे उच्चारपंत या वाणाचे. हे नाव स्टुडिओतल्या पोरांनी ठेवलेलं. तोंडावर सगळी त्यांना काका म्हणतात. पंतांची उभी हयात छापखान्यात गेली. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२ सालचे १४ आणि १९७२ साली वाढवलेले ४, असे १८ त्यांना झोपेतही पाठ. दामल्यांचं १९११ सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' ते रोज पिशवीत घालून आणतात. उघडत नाहीत, जवळ असलं की बरं वाटतं म्हणतात.

त्यांना बोलावलं होतं ते फक्त संहितेतल्या ऱ्हस्वदीर्घासाठी. हा स्टुडिओ म्हणजे एक खोली, तीन संगणक आणि चहाचा थर्मास. कॅमेरा नाही, दिवे नाहीत, नटनट्या नाहीत. पडद्यावर निळ्या साडीतली एक प्रसन्न बाई असते. मजकूर टाकला की ती ओठ हलवून तो बोलते. पतसंस्था, शाळा, खतांचे दुकानदार, लग्नघरं, सगळ्यांची गिऱ्हाइकी आहे. मी तिथे संहिता लिहून देतो. पहिल्याच दिवशी बाईंनी पंतांच्या समोर 'संत ग्यानेश्वर' म्हटलं आणि पंत खुर्चीतून उठले. आता निघून जाणार असं पोरांना वाटलं. ते थर्मास आणायला उठले होते. काम लांबणार हे त्यांनी ओळखलं होतं.

तसे पंत या बायांवर आधीपासून नजर ठेवून होते. २६ मे २०२४ ला डीडी किसानवर एआय क्रिश आणि एआय भूमी असे दोन निवेदक आले, ते ५० भाषांत बोलू शकतील असं जाहीर झालं, तेव्हा सगळा देश त्यांचे चेहरे बघत होता. पंतांनी एकच प्रश्न विचारला, "या पन्नासांतल्या किती भाषांत त्यांना ळ येतो?"

खरी परीक्षा झाली ती एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेच्या चित्रफितीत. मजकूर साधा होता: सौ. पाटील यांच्या हस्ते दीपप्रज्वलन. बाईंनी तो हिंदी समजून वाचला. 'सौ'मधला औकार पसरट झाला, टिंब गळालं, आणि सभासदांना ऐकू आलं की १०० पाटलांच्या हस्ते दीपप्रज्वलन आहे. अध्यक्षांचा फोन आला. "ओ काका, आमच्या तालुक्यात शंभर पाटील जमतील हो, त्याचं काही नाही. पण एका समईभोवती मावायचे कसे?"

पंतांनी त्या दिवशी पोरांची शिकवणी घेतली. बाईंची गोम अशी की त्या अक्षरं वाचत नाहीत. आधी अक्षरांचे ध्वनी ठरवतात आणि मग ते ध्वनी बोलतात. ध्वनी ठरवायला शिकल्या त्या माणसांची ध्वनिमुद्रणं ऐकून. त्यात हिंदीची रास मोठी, मराठीची लहान. लिपी दोघींची एकच. त्यामुळे अंदाज चुकला की ज्ञ चा ग्य होतो, ऋतुजाची रितुजा होते, वैशाली 'वॅशाली' होऊन बसते आणि औंध ओळखू येत नाही. आणि अंदाज बरोबर आला तरी मराठीचं स्वतःचं एक कुलंगडं आहेच. आपण दोन प्रकारचे च बोलतो आणि एकच लिहितो. चहातला तालव्य, चाळीतला दंततालव्य. हे बाईंना सांगायचं कुठल्या अक्षरानं? आपल्याला तरी कुणी सांगितलं होतं? आईनं कानाखाली न मारताही ते आपल्याला येतं.

त्यासाठी पंतांनी एक कसोटी रचली आहे. नवा आवाज आला की त्याच्याकडून ती म्हणवून घेतात: चाळीस चाळींतल्या चार चुलत्यांनी चार चमचे चहा चाखला. पहिल्या 'चाळी'चा च वेगळा, दुसरीचा वेगळा. 'चमचे'मध्ये तर एकाच शब्दात दोन. चमचा एकवचनी असेपर्यंत त्याचे दोन्ही च दातांशी असतात, अनेकवचनी झाला की दुसरा टाळूकडे सरकतो. हे वाक्य आजवर एकाही बाईला पहिल्या झटक्यात जमलेलं नाही. एडिटर पोरालाही जमलं नाही, पण त्याला पंत बोलले नाहीत. त्याचा पगार स्टुडिओ देतो.

रोमन लिपीतल्या याद्या आल्या की आणखी मजा. एका शाळेनं बक्षीसपात्र विद्यार्थ्यांची यादी इंग्रजीत पाठवली. बाईंनी मोरे यांना मोअर केलं, माने यांना मेन, साने यांना सेन, आणि दात्यांच्या मुलीला व्यासपीठावर बोलावताना तिला सरळ 'डेट' म्हटलं. मुख्याध्यापिका हबकल्या. पंतांनी यादी हातानं देवनागरीत उतरवून काढली आणि फोनवर त्यांना सांगितलं, "बाई, नावं आपल्या लिपीत पाठवत चला. पोरीची डेट सांभाळायला तिचे वडील आहेत."

आता यावर इलाज काय? इलाज जगानं शोधून ठेवलेला आहे. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी १८८८ पासून आहे. वेबचं प्रमाणीकरण करणाऱ्या संस्थेनं यंत्राला उच्चार सांगायच्या खुणांची एक भाषा, एसएसएमएल, २००४ साली मान्य केली आणि २००८ साली उच्चारकोश कसा लिहावा याचंही प्रमाण ठरवलं. पोरानं हे वाचून दाखवल्यावर पंत म्हणाले, "म्हणजे वही ठेवावी लागते हे साहेबाला २००८ साली कळलं." पण आमच्या स्टुडिओनं घेतलेला आवाज असा लाडावलेला की त्या खुणा तो सरळ गिळून टाकतो. मग उरतो एकच मार्ग, सगळे वापरतात तो: शब्द मुद्दाम चुकीचा लिहायचा, म्हणजे बाई तो बरोबर बोलतात.

इथे पंतांची शोकांतिका सुरू होते. पिढ्यान्पिढ्यांच्या लेखकांच्या वेलांट्या ज्यांनी सुधारल्या, त्यांना आता रोज सकाळी येऊन 'द्न्यानेश्वर' लिहावं लागतं. 'रुतुजा' लिहावं लागतं. चमच्याचा 'त्समत्सा' करावा लागतो. जाधवांच्या ज खाली नुक्ता द्यावा लागतो. ते करताना पंत आधी इकडेतिकडे बघून घेतात. टिळकांसाठी तर त्यांनी जीव टाकला. ळ लिहिला तर बाई ल म्हणत. र करून पाहिला तर टिरक झाले, ड करून पाहिला तर टिडक. शेवटी आवाजच बदलावा लागला. दर खेपेला उच्चार बदलला की ओठही नव्यानं हलवावे लागतात, आणि ओठ हलले की पैसे मोजून घेतलेले क्रेडिट जळतात. पोरगा कळवळून म्हणाला, "काका, एका ळ पायी दोन मिनिटांचे क्रेडिट गेले."

"जाऊ देत. टिळकांचा ळ आहे तो."

या साऱ्याची नोंद पंत एका जाड वहीत ठेवतात. तीन रकाने आखलेत. पहिला 'लिहावे', दुसरा 'म्हणावे', तिसरा 'यंत्रासाठी'. पहिले दोन निळ्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरात. तिसरा लाल शाईत, गिचमिड. त्याला ते पापाचा रकाना म्हणतात. कुणी पाहुणा आला की तिसऱ्या रकान्यावर पट्टी ठेवतात. एकदा पट्टी घसरली आणि त्यांच्या जुन्या छापखान्यातल्या सहकाऱ्यानं तिथे पंतांच्या हस्ताक्षरात 'विग्द्यान' वाचलं. ते फसलेल्या प्रयोगांपैकी होतं, पण तेवढं समजावून सांगेपर्यंत गृहस्थ जिना उतरून गेले होते.

एक मात्र आहे. माणसांशी पंत कधी इतके गोडीनं वागले नाहीत. गुरुजींना सत्यनारायणाच्या मध्यात थांबवून विसर्ग दुरुस्त केल्यामुळे आळीतले गुरुजी त्यांच्या दारावरून जात नाहीत. गणेशोत्सवातल्या प्रमुख पाहुण्यांना त्यांनी भाषण संपायच्या आत चिठ्ठी पाठवली होती. बाईंना मात्र ते "पुन्हा म्हणा बरं" असं आर्जवानं सांगतात. कारण उघड आहे: बाई रुसत नाहीत, उलट विचारत नाहीत, 'आमच्याकडे असंच म्हणतात' असं ठणकावत नाहीत. बाकी बाईंनी काय करावं याच्याशी पंतांना कर्तव्य नसतं. एका शोकसभेच्या चित्रफितीत बाई सगळा वेळ हसत होत्या. पोरं धास्तावली. पंत म्हणाले, "हसू दे रे. 'श्रद्धांजली'तला श्र काय सुरेख आलाय!"

माझ्या संहितेवर मात्र यानं गदा आली. मी लिहिलं होतं, जग सुंदर आहे, भरभरून जग. यातल्या पहिल्या ज चा उच्चार एक, दुसऱ्याचा दुसरा. वहीत नोंद केली तर बाई दोन्ही ठिकाणी एकच लावणार. पंतांनी संध्याकाळभर डोकं खाजवलं आणि दुसऱ्या दिवशी मला सुचवलं, "तुम्ही 'आयुष्य सुंदर आहे' असं लिहा ना." लेखकाला मुद्रितशोधकाची सवय असते, पण यंत्राच्या सोयीसाठी विचार बदलायची पाळी पहिल्यांदाच आली होती. मी बदलला. आयुष्यही सुंदरच आहे.

पंतांचं सगळं तत्त्वज्ञान हाललं ते मात्र कराडमुळे. त्यांच्या वहीत शुद्ध 'कऱ्हाड' होतं, आणि तो ऱ्ह बाईंच्या गळी उतरवायला त्यांनी अख्खी दुपार घालवली होती. चित्रफीत ऐकून गिऱ्हाईक म्हणालं, "झकास झालंय. फक्त ते गावाचं नाव तेवढं नीट म्हणा. कराड."

"अहो, मूळ कऱ्हाडच. म्हणून तर कऱ्हाडे म्हणतात लोकांना."

"ते लोक असतील तिकडं. आम्ही तिथं राहतो."

यावर व्याकरणात उत्तर नव्हतं. पंत दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी कुठूनतरी बळ घेऊन आले. १९२६ साली बीबीसीनं उच्चार ठरवायला मोठमोठ्या विद्वानांची समिती नेमली होती, रॉबर्ट ब्रिजेस हा राजकवी तिचा अध्यक्ष, बर्नार्ड शॉ सभासद. एवढे पंडित बसूनही लोकांची पत्रं यायची ती यायचीच. आज तिथला उच्चार विभाग माणसाच्या नावाबाबत एकच दंडक पाळतो: ते नाव ज्याचं, तो म्हणेल तो उच्चार. "शॉला जिथे ऐकावं लागलं तिथे मी कोण?" असं म्हणून पंतांनी वहीत चौथा रकाना आखला: 'धनी म्हणेल ते'. आता नियमच झालाय. ज्याचं नाव आहे त्यानं ते स्वतः म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवायचं. पंत कानाला फोन लावून ते ऐकतात आणि आपल्याला पटलं नाही तरी मान हलवून लिहितात. आळीतल्या गुरुजींचं आडनावही त्यांनी असंच मागवून घेतलं. गुरुजी आता दारावरून जातात.

हे सगळं सुरळीत चाललं होतं आणि न्यू जर्सीहून एक निमंत्रण आलं. मुलगा तिथेच जन्मलेला, लग्न पुण्यात. आडनाव काळे. नियमाप्रमाणे त्यानंही स्वतःचं नाव म्हणून पाठवलं. पंतांनी फोन कानाला लावला, मग दुसऱ्या कानाला लावला, मग पोराकडे दिला. पोरगा गालात हसला. "केल म्हणतोय, काका."

"काय केलं?"

"काही केलं नाही. केल. आडनाव."

चौथा रकाना पंतांनी स्वतःच आखलेला. मोडायचा कसा? बाईंनी निमंत्रण वाचलं तेव्हा कान देऊन ऐकण्यासारखं होतं: श्री. व सौ. काळे यांचे सुपुत्र चि. केल. बापाचं आडनाव ठणठणीत, ळ सकट. मुलाचं एका वाक्यात कापून ठेवलेलं. पंतांनी मुलाला निरोप पाठवला, त्यात जिभेचा शेंडा मागे वळवून टाळूला टेकवायचा आणि हलकेच सोडायचा हे तीनदा म्हणून दाखवलं. मुलानं अंगठ्याचं चित्र पाठवलं. पंतांनी तोही उच्चार तपासून पाहिला असता, पण अंगठ्याला आवाज नसतो.

शेवटी त्यांनी वही उघडली आणि चौथ्या रकान्यात 'केल' लिहिलं. पोरगा वाकून बघत होता. म्हणाला, "काका, हे पेन्सिलीनं का?"

"तात्पुरतं आहे," पंत म्हणाले. "सूनबाई कोल्हापूरची आहे."