तळ्याचे तात्या

पाणी आटलेल्या तळ्यातून न रुतता कसं जायचं, हे सोलापुरात फक्त आमच्या तात्यांना कळतं. निदान तात्यांचं मत तसं आहे. उन्हाळ्यात हिप्परग्याचं तळं, म्हणजे 1871 सालचा इंग्रजांचा एकरुख तलाव, उतरलं की तात्या काठी घेऊन काठावर हजर. गाळ न्यायला आलेले ट्रॅक्टरवाले, गळ टाकणारी पोरं, पक्ष्यांचे फोटो काढणारे डॉक्टर, सगळ्यांना न विचारता सल्ला. "तिकडं नको ओ, कमरेएवढं आत जाताल!"

विद्या खोटी नाही हं. काळ्या मातीचा गाळ वाळताना आक्रसतो. भेग हातभर खोल असेल तर खाली बऱ्यापैकी वाळलंय. नुसता पापुद्रा सुटून कडा वर वळल्या असतील तर खाली लोणी. काळं, चकाकतं दिसेल ते ओलं. पांढुरकं दिसेल ते पक्कं. बेशरमाचं झुडूप उगवलंय तिथं बिनधास्त जावं, हे तात्यांचं मत; ओढा मिळतो तिथं मात्र मुळीच जाऊ नये. तात्या काठी टोचतात, कान देऊन आवाज ऐकतात, मान हलवतात आणि पुढं पुतण्याला पाठवतात. तात्यांची चप्पल मात्र कायम कोरडी. विचारलं तर म्हणतात, "धरण बांधणारा काय धरणात राहतो का बे?"

तोच पुतण्या पुढं मिनेसोटाला गेला. जानेवारीत त्यानं गोठलेल्या तळ्यावरून व्हिडिओ कॉल लावला. इकडं तात्या बनियनवर, शेंगाचटणी-भाकरी पुढ्यात. घास तसाच ठेवून त्यांनी सूत्रं हाती घेतली.

"काळं दिसतंय तिथं पाय टाकू नको. पांढऱ्यावरनं चल. आन् ते लव्हाळं दिसतंय नव्हं, त्याच्या कडंकडंनं ये."

तिन्ही सल्ले जिवावर बेतणारे. बर्फाचं गणित नेमकं उलटं असतं. काळसर, आरपार दिसणारा बर्फ भक्कम. तो सलग चार इंच असला की चालत्या माणसाला पेलतो. पांढऱ्यात हवेचे बुडबुडे, त्याची ताकद जवळजवळ निम्मी. लव्हाळ्याच्या देठांपाशी तर बर्फ पातळच राहतो. पुतण्यानं हे सगळं नम्रपणे सांगितलं आणि गिरमिटानं भोक पाडून, आत टेप घालून जाडी मोजून दाखवली. थोडं पुढं गेला की पुन्हा भोक, पुन्हा टेप.

"पावलागणिक भोकं पाडायची? मग अनुभव काय चाटायचा?" तात्या खवळले. मग जरा थांबून, "बरं, ओढा कुठं मिळतो?"

"त्या बाजूला, तात्या. वाहत्या पाण्यावर बर्फ पातळ असतो, म्हणून तिकडं आम्ही जातच नाही."

"हेच सांगत होतो की मी!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर बातमी गेली ती अशी: अमेरिकेत तळं गोठलं, पोरगं मधोमध अडकलं, तात्यांनी सोलापुरातनं रस्ता दिला.

यंदाच्या मे महिन्यात तात्या हिप्परग्यावर आले ते नव्या ज्ञानासह. ट्रॅक्टरवाला गाळात उतरायला लागला तसं त्यांनी काठी आडवी धरली.

"किती इंच हाय?"

"काय किती इंच?"

"अरे, चार इंचावर माणूस चालतो. ट्रॅक्टरला जास्ती लागतंय."

"तात्या, चिखलाचे इंच कशानं मोजायचे ओ?"

"गिरमिट आण की!"

तो खरंच सुताराकडं गेला. तात्यांनी तेवढ्यात दुसऱ्या ट्रॅक्टरला हात केला.