बैठकीतले सारथी

हल्ली प्रत्येक मोठ्या शहरात आढळू लागलेल्या ज्या गृहस्थांच्या जातीविषयी आम्ही लिहीत आहो, तिचा एक अस्सल नमुना कोथरुडात तिसऱ्या मजल्यावर राहतो, पेशाने हिशेबतपासनीस आहे, आणि रोज रात्री जेवणानंतर हातमोजे चढवून, खांद्यांना पट्टे आवळून, इटलीतील मोंझाच्या शर्यतमार्गावर ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने गाडी हाकतो. पडद्यावरचे चित्र आणि चाकाचा हिसका एवढ्यावर सामान्य शौकिनाचे समाधान होते. परंतु खऱ्या फॉर्म्युला वनच्या चालकास ब्रेक लावताच स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाचपट भार सोसावा लागतो आणि आपल्या वाट्यास तो येत नाही, ही खंत हे गृहस्थ हुकलेल्या वतनाप्रमाणे उगाळीत असतात.

त्यावर तोड म्हणून विजेच्या मोटारींवर डुलणारी खुर्ची आली. तिचे कारस्थान असे, की ती पुढे कलली म्हणजे आपलाच भार पट्ट्यांवर येतो, आणि पडदाही तिच्यासवे कलत असल्यामुळे कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय त्या भारालाच ब्रेक समजते. परंतु ३० अंश कलूनही पदरात पडतो तो स्वतःच्या वजनाच्या निम्माच भार. शिवाय कलण्याचा वेग सेकंदास सुमारे ३ अंशांवर गेला, की कानास लबाडीचा सुगावा लागतो. म्हणजे पुरते कलण्यास १० सेकंद हवेत, आणि मोंझाचा पहिला ब्रेक तर दोन-अडीच सेकंदांत आटोपतो! हा हिशेब आम्ही मांडून दाखवला, तेव्हा त्या हिशेबतपासनिसांनी तो तहकूब ठेवला आणि मोटारीने पट्टे आवळणारे आणखी एक यंत्र मागवले. त्या आवळण्याने त्यांच्या तोंडून जो हुंकार निघतो, तो ऐकून त्यांच्या पत्नी प्रथम पाणी घेऊन धावत. आता दार लावून घेतात. खालच्या मजल्यावरील निवृत्त मामलेदारांनी हादऱ्यांविषयी सोसायटीकडे लेखी तक्रार गुदरली, तीस यांनी रीतसर जबाब दिला, की सदरहू हादरे सर्वस्वी आभासी आहेत.

टिकाऊ असा खरा भार गरगर फिरणाऱ्या लांब भुजेच्या टोकाशीच मिळतो. वैमानिकांसाठी तसले यंत्र बंगळुरास हवाईदलाच्या वैद्यकसंस्थेत आहे. ही माहिती त्यांच्या कानी कोणी घातली कोण जाणे, पण गेल्या रविवारी ते फीत घेऊन इमारतीची गच्ची मोजीत होते. कोथरुडात वरच्या मजल्यावर घर घेण्याचा कोणा वाचकाचा मानस असल्यास, त्याने विसार देण्यापूर्वी गच्चीवर एक चक्कर टाकून यावी.