बाप हजर, कायद्यात गैरहजर

केंद्र सरकारी नोकराला बाप झाल्याबद्दल १५ दिवसांची रजा मिळते, तीही पहिल्या दोन मुलांपुरती. खासगी नोकरदाराला कायद्याने तेवढीही नाही. त्याने पेढे वाटावेत आणि कामाला लागावं. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने आईची रजा २६ आठवड्यांवर नेली, पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं आणि दिवसातून चारदा तिथं जाण्याची मुभाही दिली. आईला! बाप त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसत असला, तरी कायद्याला तो दिसत नाही. (बऱ्याच बापांची याबद्दल तक्रारही नाही म्हणा, न दिसण्याचे फायदे असतात.) तेव्हा बाबालोकहो, कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर बाळाची पुढची लस कधी आहे, एवढं तरी बायकोला न विचारता सांगून दाखवा.