स्वर्ग दोन बोटं

गाडीची उंची बोटांनी मोजतात, हे भाच्याने पोलो घेईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. भातातलं पाणी बोटाच्या पेरावर मोजतात, संध्याकाळी पेल्यात ओतायचं औषध बोटांवर मोजतात, इथवर माझं ज्ञान होतं. पण टायरचा माथा आणि त्यावरची मडगार्डची कमान यांच्यामध्ये किती बोटं शिरतात यावरून माणसाची लायकी ठरवणारा एक समाज आपल्यातच राहतो, रविवारी भल्या सकाळी जमतो आणि एकमेकांच्या मडगार्डांत गंभीर चेहऱ्याने बोटं घालून बघतो, हे कळल्यावर मी चाट पडलो. कंपनीतून आलेल्या गाडीत चार बोटं आडवी सहज जातात. त्या समाजात ही शरमेची बाब. भाच्याने गाडी घरी आणल्या-आणल्या स्प्रिंगा बदलून ती चाळीस मिलिमीटर खाली बसवली आणि चाराची दोन बोटं झाली. स्वर्ग दोन बोटं उरला, फक्त तो वर नसून मडगार्डखाली होता.

गाडी तशी गावचीच. पोलो आपल्या चाकणला तयार व्हायची, २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत. ताईच्या फ्लॅटपासून चाकण तीसेक किलोमीटर. वाहतूक धरली तर अर्धा दिवस. भाच्याची गाडी सेकंडहँड, आणि अर्थातच ‘डॉक्टरांनी वापरलेली’. पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरांनीच वापरलेली असते. एवढे डॉक्टर गाड्या विकत हिंडत असतील तर रात्री-अपरात्री फोन का उचलत नाहीत ते समजतं.

गाडी खाली बसली तशी १५ इंची चाकं त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. कमान तीच, चाक तेच, पण त्याला ती ‘नाण्यांसारखी’ दिसायला लागली.

“मामा, सतरा घालायचेत. तू बँकेत होतास ना? टक्केवारी तुला येते. तू फक्त हिशेब तपास.”

“फक्त हिशेब तपास” म्हणणारा पुढे जामीनही मागतो, हा माझा नोकरीतला अनुभव. तरी बसलो. ताईने चहा ठेवला आणि भाच्याने मला पार्किंगमध्ये नेऊन, मोबाइलचा टॉर्च मारून, टायरच्या कडेवर लिहिलेलं वाचून दाखवलं : १८५/६० आर १५, ८४ एच.

यातला पहिला आकडा मिलिमीटरमध्ये, दुसरा टक्क्यांत आणि तिसरा इंचात. तीन मापं एका ओळीत नांदवणारा हा मजकूर कोणी व्हाउचरवर लिहून आणला असता, तर मी सही न करता परत पाठवला असता. पण अर्थ सरळ आहे. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर. त्याच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर, ही रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची भिंत. रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. रिमच्या वर एक भिंत आणि खाली एक भिंत धरून अख्खं चाक भरतं ६०३ मिलिमीटर.

हा ६०३ चा आकडा म्हणजे जुन्या वाड्याची बाहेरची भिंत. ती हलवायची नाही. आत थोरल्याने दोन खोल्या जास्त घेतल्या, की धाकट्याने उरलेल्यात भागवायचं. इथे थोरला रिम आणि धाकटा टायर. १५ चा १७ झाला तर वाढलेले दोन इंच टायरच्या वाट्यातून जायला हवेत. ‘लो प्रोफाइल’ हे एवढं भारदस्त नाव घेऊन फिरतो तो हा धाकटा भाऊ.

भिंत ओलांडली तर काय होतं? भाच्याच्या एका मित्राला तेच सुचलं होतं : “रुंदी आणि टक्के तेच ठेव, रिम अठरा घाल.” मी पेन काढलं. ४५७ अधिक २२२, म्हणजे ६७९. गाडीचा काटा चाकाचे फेरे मोजतो, चाक केवढं आहे ते त्याला कोण सांगणार? तो बिचारा ८० दाखवेल तेव्हा गाडी ९० ने पळत असेल, आणि एक्स्प्रेसवेवरचा कॅमेरा काट्याची साक्ष मानत नाही. शिवाय एवढं मोठं चाक खाली बसवलेल्या गाडीच्या कमानीत मावणार नाही, हे सांगायला बँकेतला माणूस लागू नये.

या क्षेत्रातले जाणते म्हणतात, मूळ व्यासाच्या तीन टक्के इकडेतिकडे चालतं. कंपनीचंच बघा. साध्या पोलोला १७५/७० आर १४ यायचा, तो भरतो ६०१. आमचा ६०३. म्हणजे कंपनीनेसुद्धा रिम इंचाने वाढवताना भिंत छाटून जमाखर्च मिटवला होता. नंतर वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६ दिला, तो मात्र ६२१. तीन टक्क्यांना अगदी काठावर. भाचा लगेच म्हणाला, “बघ, कंपनीनेच केलंय.” केलंय खरं, पण कंपनीने गाडी चाळीस मिलिमीटर खाली बसवली नव्हती.

चहा आणता आणता ताईने विचारलं, “टायर बारीक केला की गाडी अजून खाली जाणार का रे?” हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही, नाक्यावर मिशीला पीळ देऊन बोलणारेही इथेच घसरतात. बाहेरचा व्यास तोच राहिला तर गाडीची उंची तीच राहते. उंची कमी केली ती स्प्रिंगांनी. टायर फक्त दिसायला बारीक होतो, आणि बसणाऱ्याच्या मणक्याला जाणवायला.

मग आम्ही १७ चे उमेदवार मांडले. २०५/४० आर १७ भरतो ५९६. म्हणजे आधीच बसलेली गाडी आणखी साडेतीन मिलिमीटर खाली. २०५/४५ आर १७ भरतो ६१६. मागे तीन माणसं बसली की हा आतून मडगार्ड खरवडणार. आणि २१५/४० आर १७ भरतो ६०४. मिलिमीटरचासुद्धा फरक नाही! हिशेब इतका नेमका जुळल्यावर मला ताळेबंद पहिल्या झटक्यात जमल्याचा आनंद झाला, हे कबूल करतो. फक्त त्या आनंदात एक आकडा होता : भिंत १११ वरून ८६ वर आलेली. एक इंच रबर गेलं. रस्ता आणि आपण यांच्यामध्ये जे काही सौजन्य उरलेलं असतं त्यातलं एक इंच.

हा बुटका टायर काही मिरवण्यासाठी जन्मला नव्हता. सत्तरच्या दशकात पिरेलीचा पी-७ गाजला तो लान्सिया स्ट्रॅटॉससारख्या रॅलीच्या गाड्यांवर. वळणावर उंच भिंत मुरडते, बुटकी मुरडत नाही, म्हणून गाडी सांगाल तशी वळते. यात खोट काहीच नाही. एवढंच, की रॅली जिंकायचा टायर लावून आमचे भाचेबुवा कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणणार होते.

नाना पेठेत गेलो. तिथे सुट्या भागांच्या गल्लीत शिरलं की जगात न बसणारी कुठलीच गोष्ट नाही अशी खात्री पटते. शेठने आल्याआल्या विचारलं, “कोणती गाडी?” आणि उत्तराच्या आधी म्हणाले, “बसेल.” भिंतीवर टांगलेला एक झगझगीत रिम उतरवला. भाच्याने मागे बघितलं : ५ × ११२. पोलोचे पाच बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. म्हटलं, “शेठ, हे बारा मिलिमीटरने चुकतंय.” शेठ शांतपणे म्हणाले, “बोल्ट जरा ओढून घेऊ.” ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्या चार माणसांचे प्राण ज्यावर तोललेले असतात ते बोल्ट ‘जरा ओढून’ घेण्याची कल्पना मला रुचली नाही. दुसरा रिम निघाला तो ५ × १०० चा, पण ईटी २०. मूळचा ३५ च्या पुढचा. ईटी म्हणजे रिमच्या मध्यापासून त्याची बोल्टांची बैठक किती मिलिमीटर सरकलेली आहे ते माप; तो जितका कमी तितकं चाक बाहेर. म्हणजे हे पंधरा मिलिमीटर तरी मडगार्डबाहेर डोकावणार आणि पहिल्याच खड्ड्यात कमानीची कड टायरला कानसणार. भाच्याला ते डोकावणंच आवडलं होतं.

टायर दाखवला तो खरंच २१५/४०. बाजूला एका लंबगोलात चार आकडे : ३५१८. भाच्याला वाटलं हेही कसलं तरी माप. तो २०१८ सालचा पस्तिसावा आठवडा होता. “फ्रेश माल आहे,” शेठ म्हणाले. मी निवृत्त झालो तेव्हा हा टायर रांगत होता. मंडळी, टायर घेताना डिझाइन नंतर बघा, हे चार आकडे आधी बघा. आणि मापाच्या पुढचा छोटा आकडाही : आमच्या जुन्या टायरवरचा ८४ म्हणजे एका चाकाला ५०० किलोचा भार. नवा याहून कमी चालणार नाही. लग्नाला निघालेलं आमचं कुटुंब, वर आहेराची भांडी, हे एकदा मनात आणलं की हा आकडा विसरत नाही.

निर्णय लांबला आणि मध्येच अनुभव चालून आला. भाच्याच्या मित्राची तशीच बसवलेली, तशीच १७ लावलेली पोलो एका रविवारी मिळाली. आईला देवदर्शनाला न्यायचं ठरलं. आई, म्हणजे भाच्याची आजी, वय ब्याऐंशी, गुडघे दोन्ही मूळचेच. गाडीत बसताना ती म्हणाली, “अरे, ही गाडी की पाट?” रस्त्याला लागलो आणि झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे बसल्या जागी मोजता यायला लागले. पट्ट्याच्या रंगालाही जाडी असते, हे त्या दिवशी कळलं.

खरी गंमत सोसायटीच्या फाटकापाशी. इंडियन रोड्स काँग्रेसचं या गतिरोधकांवर रीतसर प्रमाण आहे : लांबी ३.७ मीटर, उंची दहा सेंटिमीटर, आणि वाहन ताशी २५ च्या वेगाने सुखाने पार व्हावं असा गोलावा. आमचा गतिरोधक मात्र सेक्रेटरींनी, बहुधा कोणाशी तरी भांडून आल्यावर, उरलेल्या सिमेंटात केलेला. लांबी हातभर, उंची इच्छेनुसार. भाच्याने गाडी थांबवली आणि अदबीने म्हणाला, “आजी, दोन मिनिटं उतरतेस?” आई उतरली. मी उतरलो. ताई डब्यासकट उतरली. आजीने काठी टेकत गतिरोधक पायी ओलांडला आणि पलीकडे जाऊन उभी राहिली. वॉचमन कोपरांवर आडवा होऊन गाडीखाली बघत राहिला. भाचा स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी तिरकी घेत होता, आधी एक चाक, मग दुसरं, खालून लाकूड ओढल्यासारखा आवाज, आणि वॉचमन बोट वर करून ओरडत होता, “येऊ द्या, येऊ द्या साहेब, अजून एक बोट आहे!”

पलीकडून आईने विचारलं, “ही गाडी आपल्याला घेऊन चाललीय की आपण हिला?”

परतीच्या वाटेवर अंधारात एका चेंबरच्या खाचेत पुढचं चाक आदळलं. गाडी चालत राहिली. दुसऱ्या दिवशी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. बुटक्या भिंतीचं दुखणं हेच : खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये रबर चिमटलं जातं, आतले धागे तुटतात आणि हवा तिथून कातडी फुगवते. पंक्चरवाल्याकडे याला इलाज नाही; टायर बदलायचा. हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवली तर धोका कमी होतो, मणक्याचा वाढतो. नवा टायर भाच्याने स्वतःच्या पैशाने घेऊन दिला, त्यामुळे मैत्री टिकली आणि अक्कल थोडी आली.

कायद्याचंही त्याला वाचून दाखवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडी कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते ठणकावून सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलापाठी पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. “स्प्रिंगा चार, म्हणजे बदल एक की चार?” भाच्याने विचारलं. हा मुलगा बँकेत गेला असता तर नाव काढलं असतं.

शेवटी तोड निघाली ती १६ वर. १९५/५० आर १६ : व्यास ६०१, मूळच्यापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर कमी. भिंत साडेसत्त्याण्णव, म्हणजे खड्डा आदळला तर मध्ये काहीतरी आहे. भार ८४, जुना तोच. थोडा शोधावा लागतो, पण मिळतो. दुसऱ्या स्प्रिंगा टाकून गाडी वीस मिलिमीटर परत वर घेतली. मडगार्डखाली आता तीन बोटं जातात. रविवारच्या मंडळींत भाच्याची नाचक्की झाली, पण आजी गाडीतून उतरत नाही. माझ्या मते पुण्याच्या रस्त्यांना खाली बसवलेल्या गाडीवर १६ च्या पुढे जाऊ नये. ज्याला १७ हवेतच, त्याने २१५/४० घ्यावा, ५ × १०० आणि ईटी ताडून घ्यावा आणि एक जादा टायर घरात आणून ठेवावा. १८ वाल्याशी मी बोलत नाही.

आणि एक काम सगळ्यांनी आजच करावं. स्टेपनीला जुनं १५ इंची कंपनीचं चाक ठेवलं असेल, तर व्यास जुळतो म्हणून निर्धास्त राहू नका. फोक्सवॅगनच्या मूळ रिमला गोल बैठकीचे बोल्ट लागतात आणि बाजारातल्या बहुतेक अलॉयला शंकूच्या आकाराचे. एकाचे दुसऱ्यात आवळले तर आवळल्यासारखे वाटतात, पण धरत नाहीत. तेव्हा जुने पाच बोल्ट फडक्यात बांधून डिकीत, जॅकशेजारी ठेवा.