त्यांच्या जेवणाचं काय?

छत्तीस वर्षं टपालखात्यात काढली, पण एवढी जलद डिलिव्हरी मी कधी पाहिली नाही. भिशीत मी नुसतं म्हटलं, "फेब्रुवारीत न्यूझीलंडला चाललेय. एकटीच." भिशी साडेपाचला सुटली. सहाला दूध आणायला गेले, तर डेअरीवाला म्हणाला, "काकू, ऑस्ट्रेलियाला निघालात म्हणे!" वाटेत देश बदलला होता, पण पार्सलात एवढी मोडतोड धरायचीच असते.

पुढच्या आठवडाभरात निम्म्या मिरजेनं मला रस्त्यात गाठलं. किती दिवस, किती खर्च, तिकडे थंडी असते का, यातलं कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, आणि तोही आवाज खाली आणून: "मग त्यांच्या जेवणाचं काय?"

'ते' म्हणजे आमचे हे. निवृत्त गणिताचे शिक्षक, वय ६६, दोन्ही हात शाबूत, दात माझ्यापेक्षा जास्त. विमानात बसायचं नाही, हा त्यांचा सिद्धांत. "दहा तास खुर्चीला बांधून घ्यायचं, तर पैसे त्यांनी मला द्यायला हवेत," म्हणतात. मी त्यांना मिलफर्ड साउंडचे फोटो दाखवले. उभे कडे, त्यावरून कोसळणारे धबधबे, खाली समुद्राचं काळं पाणी. तिथे वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो, हेही उत्साहानं सांगितलं. यांनी चष्मा वर केला. "म्हणजे आंबोलीएवढाच. आंबोलीला एसटी जाते."

न्यूझीलंडच का, याचं उत्तर मी कुणाला नीट देऊ शकले नाही. १९८६ साली मी सॉर्टिंगला होते. तिकडून इथल्या मिशन हॉस्पिटलातल्या एका नर्सबाईंना दर दोन महिन्यांनी पत्र यायचं. पाकिटावरच्या तिकिटात तळं असायचं, मागे बर्फाचा डोंगर, आणि आमच्या शिक्क्याची शाई नेमकी डोंगरावर यायची. प्रत्येक वेळी मला वाईट वाटायचं, आणि प्रत्येक वेळी मी शिक्का मारायची. आता डोंगरावर शिक्का नसताना तो कसा दिसतो, ते बघायचं होतं. हे भिशीत सांगण्यासारखं कारण नाही. तिथे मी सांगितलं, "स्वस्तात तिकीट मिळालं."

मिळालं नव्हतं. भारतातून तिकडे थेट विमान नाही. मुंबईहून सिंगापूर साडेपाच तास आणि पुढे ऑकलंड दहा तास. मधले पाच तास विमानतळावर बसून काढायचे.

"ग्रुप टूरनं का जात नाही?" हा दुसरा प्रश्न. तेही करून पाहिलं आहे. सिमल्याला गेलो होतो, तेव्हा सहलीचे मॅनेजर पहाटे पाचला दार वाजवायचे आणि बसमध्ये आमची शाळेसारखी हजेरी घ्यायचे. जेवणात वरण-भात आणि पोहे मात्र उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. पण न्यूझीलंडच्या ग्रुपचा भाव विचारला, तर फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सिंगल आहात तर खोलीचे जादा पडतील. नाहीतर शेअरिंगमध्ये एखाद्या मॅडम देऊ." म्हणजे एकटेपणाला वेगळा कर, किंवा मग अनोळखी घोरणं फुकट. मी फोन ठेवला आणि भाच्याला बोलावलं.

भाचा पुण्यात संगणकाचं काहीतरी करतो. त्यानं एक एक्सेल शीट केलं, त्यात माझे अठरा दिवस रंगीत चौकोनांत बसवले. हिरवा चौकोन म्हणजे बस, निळा म्हणजे बोट. ही बोट वेलिंग्टनहून पिक्टनला जाते, कुकची सामुद्रधुनी ओलांडते, साडेतीन तास लागतात. केशरी म्हणजे क्राइस्टचर्च ते ग्रेमाउथची डोंगरातली रेल्वे. पिवळा म्हणजे मुक्काम. एका पिवळ्या चौकोनात लिहिलं होतं '८ बेड'. मी विचारलं, खोलीत आठ पलंग कशाला? तो चाचरत म्हणाला, "मावशी, ते हॉस्टेल आहे. आठ जण झोपतात. हवं तर बदलतो." मी म्हटलं, अरे, महालक्ष्मीच्या स्लीपर डब्यात मी बहात्तर जणांबरोबर झोपत आले. आठांचं काय घेऊन बसलास?

नकाशा पाठ करायचा माझा जुना नाद. सॉर्टिंगच्या बाईला गावांची नावं पाठ नसतील तर पत्रं फिरत बसतात. पण या देशानं मला चकवलं. माओरी नावांत इंग्रजीत 'डब्ल्यू-एच' लिहितात आणि बहुतेक ठिकाणी 'फ' म्हणतात. मी आठवडाभर 'व्हांगारे, व्हांगारे' घोकलं, ते निघालं फांगारे. हॉक्स बे भागात तर एक टेकडी आहे, तिचं नाव इंग्रजीत ८५ अक्षरांचं. १९७२ साली आपल्याकडे सहा आकड्यांचा पिनकोड आला त्याचं महत्त्व मला त्या दिवशी नव्यानं पटलं.

मग व्हिसा. भारतीय पासपोर्टाला तो लागतो, आणि अर्ज घरबसल्या संगणकावर भरता येतो. महिन्याला हजार न्यूझीलंड डॉलर खर्चायची ऐपत दाखवायची, तिथला डॉलर आपल्या पन्नासेक रुपयांचा. बँकेचा तक्ता जोडला. खरी गंमत पुढे होती. भाचा म्हणाला, "मावशी, तू परत येणार आहेस हे त्यांना पटायला हवं. परत यायची कारणं लिहून दे." आयुष्यात असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. जायचं कारण सगळे विचारतात. मी वही घेतली आणि लिहिलं: स्वतःचं घर. पेन्शन. चौदा कुंड्या. भिशीचा माझा नंबर ऑगस्टमध्ये. जावेकडे राहिलेला पुरणयंत्राचा दांडा. भाच्यानं पहिली दोन ठेवली आणि तिसरं विचारलं, "काकांचं नाव कुठाय?" राहिलंच होतं. वरती बाण काढून घातलं.

एकटीनं जायचं तर तालीम हवी, असं मला वाटलं. परदेशाची भीती नव्हती. भीती होती ती एकटीनं हॉटेलात बसून जेवायची. बासष्ट वर्षांत हे मी कधी केलेलं नव्हतं. मिरजेत ओळखीचे फार, म्हणून बसनं सांगलीला गेले. एका हॉटेलात शिरून मोकळं टेबल धरलं. वेटर आला, दोन पाण्याचे ग्लास ठेवले. मी म्हटलं, एकच. तो म्हणाला, "येतील की पाठीमागनं." म्हटलं, कुणी येणार नाही. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता हा कुणाला तरी फोन करणार. मग हळूच म्हणाला, "मावशी, वर फॅमिली सेक्शनला बसा." मी एकटीच, पण मला वर फॅमिलीत बसवलं. तिथे चार टेबलं, पंखा मोठा, आणि फॅमिली म्हणून मी एकटी. थाळी मागवली. पहिली पोळी घशाखाली उतरेना. पुस्तक आणलं होतं, ते उलटं धरलंय हे आमटी आली तेव्हा कळलं. पण दुसऱ्या वाटीनंतर एक शोध लागला: शेजारच्या ताटात काय वाढलंय, कुणाला भात हवाय, कुणाचं ताक राहिलंय, यातलं काही बघावं लागत नाही. अन्नाला चव असते, ती गरम असताना वेगळी असते. तो वेटर मला तीनदा विचारून गेला, "सगळं ठीक हाय न्हवं?" मी स्वीट डिशही मागवली.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर त्या देशाचं खाण्याबद्दलचं धोरण सांगते. माझ्या सगळ्या तयारीचा निम्मा वेळ त्यात गेला. न्यूझीलंड सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी बाकीच्या भूखंडापासून सुटलं आणि एकटंच राहिलं. माणूस यायच्या आधी तिथे जमिनीवरचा सस्तन प्राणी नव्हता, वटवाघळं तेवढी सोडा. अंगावर धावून येणारं कुणी नाही म्हटल्यावर किवी, काकापो असले पक्षी उडायचं विसरून जमिनीवरून हिंडू लागले. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या प्रत्येक किड्याची, बीची, बुटाच्या तळव्याला लागलेल्या मातीची त्यांना धास्ती. २०१५ साली ऑकलंडच्या ग्रे लिन भागात एक फळमाशी सापडली, तर त्या पेठेतल्या लोकांना फळं-भाज्या हद्दीबाहेर न्यायला बंदी झाली. आमच्या मंडईत एका सीताफळावर त्याहून जास्त असतात. सांगायचं ते हे, की खाण्याची प्रत्येक वस्तू उतरण्याआधी जाहीर करायची. ताजी फळं नाहीत, मध नाही. न सांगता काही सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड.

ही यादी मी भिशीत वाचून दाखवली. मला वाटलं होतं, यानं बरोबर न्यायला येणारे डबे थांबतील. झालं उलटंच. प्रत्येकीला वाटलं, दुसरीचे डबे बंद झाले, आता जागा मोकळी. "तू एकटीच ना? मग बॅग रिकामीच असणार." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की एकटा प्रवासी म्हणजे रिकामा टेंपो अशी माझीच समजूत होऊ लागली. कुणाचा पुतण्या ऑकलंडला, त्याला कांदा-लसूण मसाला. कुणाची सून हॅमिल्टनला, बाळंत व्हायचीय, तिला डिंकाचे लाडू. सतारमेकर गल्लीतले एक ओळखीचे सकाळी सकाळी आले. तिकडच्या एका शिष्येनं तंबोरा मागवलाय, खोका करून देतो, नुसता हातात धरायचा. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरकडे पिकलेला. मी म्हटलं, तुम्ही याला वाद्य म्हणता, तिकडचे याला भाजी म्हणतील. ते दुखावून गेले.

विमानाचे नियम निराळेच. सुकं खोबरं म्हणे आपणहून तापून पेटू शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. माझ्या फडताळात गेली चाळीस वर्षं अर्धा किलो स्फोटक आहे आणि मी त्याच्याशेजारी उदबत्ती लावते.

शेवटी बॅग भरली ती स्वतःच्या मनानं: मेतकूट, चहाची पूड, वेष्टनबंद खाकरे, सगळ्याची छापील यादी. २३ किलोची मर्यादा. घरी काटा नाही, म्हणून रद्दीवाल्याला हाक मारली. त्यानं आकडा बॅगेच्या मुठीत अडकवून उचलली. "एकोणीस, काकू." मी खूश. आतून ह्यांचा आवाज आला, "याच्या काट्यावर आपली दहा किलो रद्दी साडेसात भरते. एकोणीस भागिले शून्य पूर्णांक पंचाहत्तर. पंचवीस किलो तीनशेतेहतीस ग्रॅम." रद्दीवाला खाली बघायला लागला. मी दोन स्वेटर आणि इस्त्री काढली.

उरलेले सल्ले झरझर सांगते. विमानतळावर व्हीलचेअर सांग, काही शोधावं लागत नाही, अलगद नेऊन बसवतात. (मी रोज पाच किलोमीटर चालते.) विमानात कुणाशी बोलू नकोस. विमानात शेजारणीशी ओळख करून ठेव. दागिने घालू नकोस, पण मंगळसूत्र असू दे, एकटी दिसशील. शेजारच्या आजींचा प्रश्न मात्र अभ्यासपूर्ण होता: "संकष्टी सोडायला चंद्रोदय कुठला धरणार? इथला की तिथला?" याचा निवाडा करायला हे पुढे सरसावले. टेबलावर चिकू ठेवून त्यांनी आजींना दक्षिण गोलार्ध समजावला. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि चंद्र आपल्या मानानं उलटा दिसतो. आजींनी चिकूकडे बराच वेळ पाहिलं. "उलट्या चंद्राला अर्घ्य नको," म्हणाल्या. "इथला धर."

हे या साऱ्यात नुसते बघे होते, असं मी समजत होते. जायच्या महिनाभर आधी घरी आले तर भिंतीवर दुसरं घड्याळ. खाली खडूनं लिहिलेलं: 'तिकडे'. फेब्रुवारीत तिकडचं घड्याळ आपल्या साडेसात तास पुढे. मी निघायच्या आधीच हे तिकडच्या वेळेनं जगायला लागले. रात्री दहाला मालिका बघत असले की म्हणायचे, "झोप आता, साडेपाच वाजले. उजाडेल." जेवणाचं काय, ते मात्र त्यांनीही विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. डबेवालीचा नंबर फ्रिजला चिकटवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो दिसेना. त्या कागदाच्या मागे त्यांनी विमानाचा सरासरी वेग काढला होता.

निघायच्या दिवशी संध्याकाळी ओटी भरायला बायका आल्या. ओटीला नाही म्हणायची रीत नाही, आणि ओटीतला प्रत्येक जिन्नस, तांदूळ, सुपारी, हळकुंड, नारळ, त्या यादीत कुठे ना कुठे बसतो. पाच जणींनी घरी भरली. चौघी राहिल्या होत्या, त्या स्टेशनवर आल्या. मुंबईला नेणारी महालक्ष्मी फलाटाला लागली तेव्हा माझ्याबरोबर चौदा माणसं होती. तिकीट तपासनीस म्हणाला, "ग्रुप कुठला?"

मी पदरातले नारळ एकेक करून ह्यांच्या हातात दिले. घरून पिशवीत आणलेले पाचही त्यांच्याकडेच. गाडी हलली. मी दारात. हे गाडीबरोबर चालत होते, नऊ नारळ छातीशी कवटाळून, वरचा हनुवटीनं दाबलेला. काहीतरी विचारत होते. पहिल्यांदा ऐकू आलं नाही.

"चटणीला," ते ओरडले, "आधी फोडायचा की आधी खवायचा?"

"आधी सोलायचा!" मी ओरडले. फलाट संपत आला होता. "शेंडी तेवढी ठेवा!"