नानांचं विरजण

नानांच्या घरी पहिल्यांदा गेलात तर चहा नंतर, आधी मागचं अंगण. ऑस्टिनच्या पश्चिमेला, हिल कंट्रीत, एकरभर जागेत त्यांचं घर आहे. पाहुण्याला वाटतं, आता हरणं दाखवणार, नाहीतर सूर्यास्त. नाना त्याला गवतातल्या तीन हिरव्या झाकणांपाशी नेऊन उभं करतात आणि सत्यनारायणाचा अध्याय सुरू करावा तशा आवाजात म्हणतात, "ही पहिली. हिच्यात जड माल खाली बसतो."

नाना म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. शहराच्या गटाराचा पाइप जिथे संपतो त्याच्या पुढे घर घेणारा कुठलाही मराठी माणूस चार-सहा महिन्यांत नाना होतो. घर घेताना तो शाळा बघतो, दाराचं तोंड पूर्वेला आहे ना, हे फोनवरच्या होकायंत्रावर दोनदा बघतो. कागदपत्रांत 'एरोबिक सेप्टिक' असं लिहिलेलं असतं. त्याला वाटतं, व्यायामाचं काहीतरी असेल. सही करून मोकळा होतो.

मग कळतं की हात-दीड हात खणलं की खाली चुनखडीचा कातळ आहे. साध्या सेप्टिक टँकचं पाणी जिरायला माती लागते. कातळात ते जिरणार कुठे? म्हणून ते आधी शुद्ध करायचं आणि गवतावर उडवायचं. पहिल्या टाकीत गाळ. दुसरीत एक छोटा पंप रात्रंदिवस हवेचे बुडबुडे सोडतो, त्या हवेवर जिवाणू जगतात आणि आपण दिलेलं सगळं मुकाट्याने खातात. नंतर पाणी निवळतं, क्लोरीनच्या गोळ्यांना घासून तिसऱ्या टाकीत उतरतं आणि मध्यरात्र ते पहाटे पाचच्या दरम्यान जांभळ्या टोपीच्या फवाऱ्यांतून बाहेर पडतं. "गोबरगॅसच्या बरोब्बर उलटं," नाना समजावतात. "त्याला हवा लागली की तो बिघडतो, आमचं हवा थांबली की बिघडतं." ऐकणाऱ्याच्या हातात तोपर्यंत वहिनींनी काकुळतीने आणून दिलेली बाकरवडी असते. ती तशीच राहते.

जिवाणूंबद्दल नाना गोठ्यातल्या गाईंसारखं बोलतात. दोन आठवडे भारतात जाऊन आले की पहिलं वाक्य, "उपाशी राहिले असतील." घरात कुणाला ताप आला की विचारतात, "अँटिबायोटिक दिलंय का?" आणि हो म्हटलं की चेहरा पडतो. तो तापासाठी नसतो. 2021 च्या फेब्रुवारीत बर्फाच्या वादळात टेक्सासची वीज गेली, तेव्हा शेजारी शेकोटीला लाकडं शोधत होते आणि नाना तीन स्वेटर घालून खिडकीतून हवेच्या बंद पंपाकडे बघत होते. लाल मुंग्यांशी त्यांचं उघड वैर आहे. या मुंग्यांना इथे विजेच्या पेट्यांचं भारी वेड. एकदा कंट्रोल पॅनेलमध्ये शिरून त्यांनी पंपच बंद पाडला होता. स्विमिंग पूलवाल्या एका मित्राने आपल्याकडच्या उरलेल्या क्लोरीनच्या गोळ्या प्रेमाने देऊ केल्या, तर नाना दचकून मागे सरले. पूलच्या गोळ्या वेगळ्या, सांडपाण्याच्या वेगळ्या, आणि त्या दोन एकत्र आल्या तर स्फोट होऊ शकतो. मैत्री टिकली, पण जरा पातळ झाली.

वहिनींची बाजू कुणी विचारत नाही. कपडे रोज एकच घाणा, रविवारी डोंगर घेऊन बसायचं नाही. तळणीचं तेल डब्यात भरून कचऱ्यात. सिंकखालचं खरकटं दळायचं यंत्र घराबरोबर फुकट आलेलं, पण त्याचं बटण टेप लावून बंद. त्यांनी हौसेने लावलेला दुधीचा वेल एका सकाळी उपटलेला दिसला, कारण फवारा जिथे पडतो तिथे खायचं काही पिकवू नये असा टेक्सासचा नियम आहे. "एकर घेतलं," त्या मला म्हणाल्या, "आणि मेथी आणायला अजून चाळीस मिनिटं गाडी हाणते."

नानांना खऱ्या अर्थाने समजून घेतलं ते साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या त्यांच्या आईने. नानांनी दुसऱ्या टाकीतलं पाणी काचेच्या बरणीत काढून ओट्यावर ठेवलं होतं. (बरणी लोणच्याची होती. तो विषय त्या घरात आजही निघत नाही.) अर्ध्या तासात खाली किती गाळ बसतो ते बघायचं, अर्ध्याच्या वर गेला तर टँकर बोलवायचा. आईंनी चष्मा लावून बघितलं. रंग चॉकलेटी, वास पावसानंतरच्या मातीसारखा. "टँकरवाला सगळं नेतो का रे?" नाना म्हणाले, नाही, थोडं तळाला ठेवायला सांगतो, त्यावर पुढचे वाढतात. "म्हणजे विरजण," आई म्हणाल्या आणि पोथी वाचायला गेल्या. त्या दिवसापासून नाना ऑफिसातल्या अमेरिकन माणसांनाही विरजण समजावून सांगू लागले.

गणपतीत मात्र घात झाला. यंत्रणा दिवसाला 300 गॅलन, म्हणजे साधारण अकराशे लिटरच्या हिशेबाने बसवलेली. आरतीला माणसं पंचेचाळीस, त्यात मुलं, त्यात कुणीतरी हौसेने भांडी घासायला घेतलेली. प्रत्येक फ्लशच्या आवाजाला नानांच्या हातातल्या झांजा अडखळत होत्या. तिसऱ्या आरतीला बाहेर भोंगा वाजला. लोकांना वाटलं, कापराच्या धुराचा अलार्म. दोघांनी खिडक्या उघडल्या. नाना सोवळ्यात, निरांजनाचं ताट घेऊन थेट अंगणात. पॅनेलवरचा लाल दिवा लागलेला, तिसरी टाकी काठोकाठ. त्यांनी टायमर ओलांडून पंप हाताने चालू केला आणि संध्याकाळी सातला, नटूनथटून मोदकाची वाट बघणाऱ्या मंडळींसमोर, चारही फवारे उडाले. लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित झाली, आणि ती बादली कुणी चुकून सिंकमध्ये ओतू नये म्हणून रात्रभर नानांच्या खाटेशी होती.

दर चार महिन्यांनी कराराचा माणूस तपासणीला येतो. मितभाषी टेक्सन, डोक्यावर टोपी. नाना त्याच्यामागे वही घेऊन फिरतात. तो गेला की झाकणांचे स्क्रू स्वतः पुन्हा आवळतात. असंच एकदा आवळताना, मी शेजारी उभा असताना, म्हणाले, "साताऱ्याला आमच्या वाड्यात संडास मागच्या बोळात होता. सकाळी एक माणूस बोळातून यायचा, बादली घेऊन जायचा. आई आम्हाला तेव्हा पुढच्या खोलीत बसवायची." स्क्रू बसला. "त्याचं नाव काय होतं, आठवत नाही. आईला विचारलं, तिलाही नाही." मग लगेच ते ब्लीच वापरावं की गोळ्या या विषयावर गेले, आणि तो विषय जेवणापर्यंत पुरला.

हल्ली नाना रात्री दोनला जागे असतात. साताऱ्यात तेव्हा भर दुपार. आईंचा फोन तेव्हाच येतो. त्यांचं आयुष्य नगरपालिकेचं पाणी कधी येतं याची वाट बघण्यात गेलं, मुलाचं ते कधी जातं याची बघण्यात जातंय, त्यामुळे दोघांचं जमतं. अशाच एका रात्री मी पाहुणा म्हणून बाहेरच्या खोलीत झोपलो होतो. अंगणात फस्स आवाज झाला. अंधारात नानांची आकृती खिडकीशी उभी होती, फोन स्पीकरवर.

"उडालं का रे?"

"तीन उडाले, आई."

"मग झोप आता."

"थांब गं. चौथ्याचं काय झालंय बघतो," असं म्हणत नाना चपला शोधू लागले.